घाटापलीकडचं फ्रान्स

आमच्या ऑकलंडकडच्या हॅमिल्टनच्या घरातून जमिनीला सरळ भोक पाडत गेलं तर माणूस पलीकडे स्पेनमध्ये निघतो. हे मला माझ्या आठ वर्षांच्या लेकीने, सईने, पृथ्वीचा गोल मांडीवर घेऊन दाखवलं. आणि स्पेनच्या शेजारी काय, तर दक्षिण फ्रान्स. म्हणजे माझ्या आईला जिथे जायचं होतं ती जागा या पृथ्वीवर आमच्यापासून जितकी लांब असू शकते, जवळजवळ तितकी लांब होती. आई मात्र पुण्याहून निघतानाच ठरवून आली होती, की मनू, म्हणजे मी, परदेशात आहेच, तर तिथून फ्रान्स जवळ पडेल.

"अगं, परदेश म्हणजे एक गाव आहे का?" मी म्हटलं.

"मला माहितीये. भूगोलाचे तासही घेतलेत मी," आई म्हणाली. "ऑफ तासाला."

आईची ओळख करून द्यायला हवी. पुण्यातल्या एका मुलींच्या शाळेत तिने अठ्ठावीस वर्षं फ्रेंच शिकवलं. गायकवाड मॅडम म्हटलं की अजूनही लक्ष्मी रोडवर एखादी चाळिशीची बाई दचकून सरळ उभी राहते. कॉलेजात असताना संस्कृतचा आणि फ्रेंचचा तास एकाच वेळी असायचा. आई फ्रेंचच्या वर्गात जाऊन बसली, कारण तिथे सगळ्याच मुली पहिल्या अक्षरापासून सुरुवात करणार होत्या. घरून शिकून आलेली एकही नव्हती. आमच्या वस्तीत तेव्हा लोक आजोबांना विचारायचे, पोरीला ही कुठली भाषा शिकवताय, हिच्याशी बोलणार कोण? आजोबा म्हणायचे, बोलेल कोणीतरी.

पण कोणी बोललंच नाही. आई शिकली ती पुस्तकांवरून आणि कॅसेटवरून. शाळेत एकदा एक फ्रेंच पाहुणा आला होता, त्याच्यासाठी आईने आठवडाभर भाषण पाठ केलं. तो पूर्ण वेळ इंग्रजीत बोलला, दोन सामोसे खाल्ले आणि गेला. गेल्या वर्षी आई निवृत्त झाली. एकाही फ्रेंच माणसाशी फ्रेंचमधून न बोलता. तिच्या पाठ्यपुस्तकातलं कुटुंब दक्षिणेकडच्या एका गावात राहायचं आणि दर दुसऱ्या धड्यात कोणीतरी उठून ब्रेड आणायला जायचं, म्हणून तिला दक्षिण फ्रान्सच बघायचं होतं. पॅरिस नको म्हणाली, तिथे गर्दी असते.

तर तिकीट आणि व्हिसा या दोन गोष्टींनी मूळ फ्रान्सचा निकाल लावला. इथे ती पाहुणी म्हणून आलेली, फ्रान्सचा अर्ज करायचा तर परत भारतात जाऊन. "राहू दे," आई म्हणाली. हे "राहू दे" ज्या आवाजात ती म्हणाली, तो आवाज मी लहानपणापासून ओळखते. त्यानंतर दोन दिवस ती अतिशय शहाण्यासारखी वागते.

सुटका केली वेलिंग्टनजवळच्या पोरिरुआच्या वैशालीने. ही माझी मैत्रीण, फोनवर तास तास बोलते आणि सगळीकडे जाऊन आलेली असते. "अगं, आपल्याकडे एक फ्रेंच गाव आहे की. आकारोआ. क्राइस्टचर्चच्या पुढे. फ्रेंच लोकांनी वसवलं, रस्त्यांना अजून त्यांचीच नावं आहेत. हीप्स ऑफ फन." मी आईला सांगितलं, ते इथल्या दक्षिण बेटावरही आहे आणि फ्रेंचही, दोन्ही मिळून तुझं काम होतंय. आई हसली नाही, पण संध्याकाळी कपाटातून फ्रेंचची जुनी वही काढून बसलेली दिसली.

जायचं कसं, राहायचं कुठे

माझा नवरा नितीन दूध पावडरीच्या यंत्रांचा इंजिनिअर आहे. त्याला सुट्टी नव्हती, त्यामुळे त्याने न येता सगळं ठरवायचं मनावर घेतलं. एक्सेलमध्ये रकाने पाडले. एक, आपली गाडी घेऊन वेलिंग्टन, तिथून फेरीबोट, मग पुन्हा गाडी. दोन, विमानाने क्राइस्टचर्च आणि पुढे बस. तीन, विमान आणि पुढे भाड्याची गाडी.

यात एक गोष्ट त्याने रकान्यात घातली नव्हती. माझ्या आईला गाडी लागते. म्हणजे लोकांना लागते तशी नाही. दिवे घाट, ज्याला धड घाटही म्हणवत नाही, तिथे ती अर्ध्यात उतरून बसते. बसच्या नुसत्या डिझेलच्या वासाने तिचं डोकं धरतं. म्हणून बस गेली. समुद्र तर तिने आधीच हात जोडून नाकारला, त्यामुळे फेरीही गेली. उरलं विमान आणि भाड्याची गाडी.

मुक्कामाचं मात्र आम्हा दोघांचं एकमत झालं. राहायचं क्राइस्टचर्चला. सपाट शहर, विमानतळ जवळ, जेवायची सोय. आणि आकारोआ ऐंशी किलोमीटर, दीड तासाचा रस्ता. एक दिवस जायचं, बघायचं, परत यायचं. मी नकाशा उघडून बोटाने रस्ता मोजला आणि खूश झाले. कागदाच्या नकाशात रस्ता निळ्या पाण्याकडे जाणारी एक छानशी लाल रेघ होती.

तयारी म्हणून सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांत एक चक्कर झाली. हॅमिल्टनहून ऑकलंडला दीड तास गाडी हाणून लोक काय काय आणतात, आम्ही आवळासुपारी आणि आलेपाक आणला. आईने बॅगेत आपला छोटा कुकर भरला. माझ्याकडे दोन कुकर आहेत, तरी तिने हा पुण्याहून आणला होता, कारण याची शिट्टी तिच्या ओळखीची आहे. "मोटेलात कुकर कशाला?" मी विचारलं. "तू नको खाऊस," ती म्हणाली. तिथे विषय संपला.

पहिला दिवस: हिलटॉप

सकाळी दहाला क्राइस्टचर्चला उतरलो. खोली दोन वाजता मिळणार होती. नितीनच्या कागदावर लिहिलं होतं, मधला वेळ वाया घालवू नये, सामान गाडीतच ठेवून आकारोआ करून यावं. एप्रिल महिना, म्हणजे इकडची पानगळ, शाळांना सुट्टी, रस्त्याकडेचे पॉपलर पिवळेधमक झालेले. आई पुढच्या सीटवर, हातात लिंबू. लिटल रिव्हर नावाच्या छोट्या गावात थांबून कॉफी प्यायलो. आई म्हणाली, "उगीच घाबरले होते, रस्ता किती छान आहे." सई मागून म्हणाली, "आजी, यू आर डुइंग सो वेल." ही पोर मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते. आई तिला मराठीतच उत्तर देते. दोघींचं उत्तम चालतं.

लिटल रिव्हर संपलं आणि गाडी वर चढायला लागली. एक वळण, दुसरं वळण, तिसरं तर स्वतःभोवतीच फिरून आलेलं. मला पहिल्यांदा कळलं की नकाशात घाट दिसत नाही. आईने बोलणं बंद केलं. मग डोळे मिटले. मग लिंबू नाकाला लावलं. "मनू, थांब," एवढं ती म्हणाली तेव्हा थांबायला जागा नव्हती, आणि जागा आली तेव्हा थांबून उपयोग नव्हता.

डोंगराच्या माथ्यावर हिलटॉप म्हणून जागा आहे. तिथून खाली जे दिसतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही, आणि आई तर त्या क्षणी काहीच सांगू शकत नव्हती. खाली लांबच लांब आत शिरलेला समुद्र, हिरवट निळा, आणि चहूबाजूंनी त्यात उतरलेले सोनेरी डोंगर. आई रस्त्याच्या कडेला खडीवर उभी, एका हातात प्लॅस्टिकची पिशवी. तिने मान वर केली, दृश्य बघितलं, "सुंदर आहे," म्हणाली आणि पुन्हा पिशवीत तोंड घातलं.

उतारावर आणखी एकदा झालं. आकारोआत पोचल्यावर ती धक्क्याजवळच्या बाकावर बसली आणि पाचएक मिनिटं नुसती पाण्याकडे बघत राहिली. मग शाळेतल्या आवाजात म्हणाली, "आता त्या रस्त्याने मी आज परत जाणार नाही. उद्याही नाही."

"पण आपलं बुकिंग क्राइस्टचर्चला आहे."

"मग सामान कुठे आहे?"

सामान डिकीत होतं. कुकरसकट.

शाळांची सुट्टी असल्याने दोन मोटेलांनी हात वर केले. तिसऱ्या ठिकाणी शेरिल नावाची मालकीण होती, साठीची, पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला. तिने "किया ओरा, लव्ह" असा इथला नमस्कार करत माझं सगळं पुराण ऐकून घेतलं, बाहेर येऊन आईचा चेहरा बघितला आणि म्हणाली, एक युनिट आहे, ओट्यासकट, तीन रात्री तुमचाच. नितीनला मी रस्त्यावरच्या फोन बूथमधून, कॉलिंग कार्ड खरवडून, फोन लावला. तो म्हणाला, "म्हणजे बेस बदलला." हो, म्हटलं, पोटाने बदलला.

तुम्ही कधी जाणार असाल तर हे लक्षात ठेवा. मुक्काम आकारोआतच करा. सगळे टूरवाले दुपारी चारला निघून जातात आणि मग गाव आपलं होतं. आम्हाला हे कोणत्याही रकान्यावरून कळलं नव्हतं.

दुसरा दिवस: र्यू जोली

सकाळी आई टवटवीत. निळी साडी, पायात स्पोर्ट्स शूज, वर नितीनचं जाकीट. पर्समध्ये ती फ्रेंचची वही. आम्ही चालत निघालो, कारण गाडी या शब्दालाही बंदी होती. गाव एवढंसं आहे. लाकडी घरं, पुढे गुलाब, दुकानांवर तिरंगी झेंडे. आपले नाहीत, त्यांचे. प्रत्येक रस्त्याच्या नावात पुढे र्यू. आई प्रत्येक पाटीखाली थांबायची आणि नाव मोठ्याने म्हणायची. र्यू जोलीला आल्यावर तिने सईला सांगितलं, "याचा अर्थ सुंदर रस्ता." सई म्हणाली, "स्वीट अ‍ॅज." इथल्या पोरांच्या भाषेत म्हणजे मस्त. आईने ते मनावर घेतलं नाही.

मग ती बेकरीत गेली. काउंटरपुढे उभी राहून, खांदे सरळ करून, स्वच्छ आवाजात तिने "बोंझूर, मादाम" म्हटलं आणि पुढे ब्रेडबद्दल एक पूर्ण वाक्य. काउंटरमागची बाई गोड हसली. "सॉरी, लव्ह?"

खाटकाच्या दुकानावर फ्रेंच पाटी होती. आत फ्रेंच येत नव्हतं. कॅफेचं नाव फ्रेंच होतं, पोरगी डनीडिनची. माहिती केंद्रातला गृहस्थ म्हणाला, त्याला वाइनची नावं येतात. दुपारी आम्ही टेकडीवरच्या जुन्या फ्रेंच दफनभूमीत चढून गेलो. झाडी, शांतता, मधे एक स्मारक. आईने त्यावरची नावं एकेक करून वाचली आणि मग दगडावर टेकून म्हणाली, "ज्यांना येत होतं ते सगळे इथे आहेत." आणि हसायला लागली. मलाही हसू आलं. सई आम्हाला शुक करत होती, दफनभूमीत हसत नाहीत म्हणून.

खरं काय ते संध्याकाळी झालं. पाण्याच्या कडेला फिश अँड चिप्सच्या रांगेत आम्ही उभ्या होतो. आमच्या मागे एक म्हातारं जोडपं येऊन उभं राहिलं. तो उंच, डोक्यावर टोपी, ती ठेंगणी, गळ्यात रुमाल. दोघं फलकाखाली उभं राहून वाद घालत होती. फ्रेंचमध्ये. एवढं मलाही कळलं. लहानपणी मी त्या कॅसेट ऐकतच झोपायचे.

मी आईला कोपराने ढोसलं. "आई. अगं, बोल ना."

आईने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. पर्स उचलली, म्हणाली, "मला जरा बाथरूमला जायचंय," आणि चक्क निघून गेली. मी रांग सोडून तिच्या मागे जाईपर्यंत ती बाकावर जाऊन बसली होती.

आता माझा स्वभाव तापट आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. मी सुनावलं. "एवढी विमानं, एवढा तो घाट, एवढ्या ओकाऱ्या, कशासाठी? दोन दिवस तू पाट्यांशी बोलतेयस आणि जिवंत माणूस समोर आलं तर पळालीस?"

आईने पर्स मांडीवर घेतली. मग म्हणाली, "समजा मी बोलले आणि त्यांना कळलंच नाही, तर?"

"तर काय? पुन्हा सांगायचं."

"तुझ्यासाठी पुन्हा सांगायचं. माझं तसं नाही, मनू. त्यांना कळलं नाही तर मी अठ्ठावीस वर्षं काय केलं? मुलींनी माझ्यावर विश्वास ठेवून पाठ केलं गं सगळं. मी जसं बोलले तसं त्या बोलल्या. मला कोण तपासणार होतं? त्यापेक्षा न कळलेलं बरं."

माझा राग तिथल्या तिथे विरला. मला वाटत होतं ती हौस म्हणून आलीय. ती परीक्षा द्यायला आली होती आणि हॉलच्या दारातून परत फिरली होती. मला तिच्याशी असं बोलल्याची लाज वाटली, तसं मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, "मासा गार होईल." तोवर आमचा मासा तळलाही नव्हता.

तिसरा दिवस: तीन शिट्ट्या

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, आता मासे, बटाटे आणि ब्रेड पुरे, मी मुगाची खिचडी टाकते. तुम्ही जा पाण्यात. सईचे टॉग्ज म्हणजे पोहण्याचे कपडे दोन दिवस तसेच पडले होते. समुद्र बर्फासारखा होता, पण या देशात वाढलेल्या पोरांना ते सांगून उपयोग नसतो. मी काठावर टॉवेल धरून कुडकुडत उभी राहिले आणि सई ओठ निळे होईपर्यंत डुंबली.

परत येताना मोटेलच्या आवारात शिरलो तोच दुसरी शिट्टी झाली. ती शिट्टी मी जन्मापासून ऐकतेय, मला त्यात काही विशेष वाटलं नाही. पण शेजारच्या युनिटचं दार धाडकन उघडलं. बाहेर तो कालचा उंच म्हातारा, गंजिफ्रॉकवर, अर्ध्या गालाला दाढीचा फेस. मागून ती रुमालवाली. तेच जोडपं, आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. तो आमच्या दाराशी जाऊन ठोठावायला लागला आणि मोठमोठ्याने काहीतरी विचारायला लागला. तेवढ्यात तिसरी शिट्टी झाली. बाईने नवऱ्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं. त्यांना वाटलं होतं गॅस फुटतोय.

मी धावणारच होते. सईने माझा हात धरला. "मम, वेट. आजी इज टॉकिंग."

दार उघडलं होतं. आई दारात उभी होती, हातात पळी. पहिली काही सेकंदं ती नुसती उभी राहिली, आणि मला वाटलं आता ही दार लावून घेणार. पण समोर घाबरलेला माणूस होता, आणि घाबरलेल्या पोरींना शांत करण्यात तिचा जन्म गेलाय. तिने एक हात वर केला, वर्गात करते तसा. आणि बोलायला लागली. हळू, एकेक शब्द मोकळा करून. भांडं, असं काहीतरी ती म्हणाली असावी, कारण तिने हाताने भांड्याचा आकार केला. मग तांदूळ. मग वाफ, आणि पळी वर नेत नेत तिने शिट्टी वाजवल्यासारखं तोंड केलं.

म्हातारा फेस पुसायचं विसरून ऐकत होता. मग त्याच्या बायकोने टाळी वाजवली. "आ! कोकोत-मिन्यूत!" त्यांच्याकडेही प्रेशर कुकरच असतो की, फक्त त्याची शिट्टी अशी बोंबलत नाही, नुसती फुसफुसते. आईला हा शब्द माहीत नव्हता. तो तिच्या कोणत्याच धड्यात नव्हता. तिने तो दोनदा म्हणून बघितला आणि आत जाऊन वहीत लिहून घेतला. मग बाहेर येऊन त्यांना आत बोलावलं, जेवायला.

आम्ही मायलेकी ओल्या टॉवेलसकट बाहेरच उभ्या होतो. सई अगदी हळू म्हणाली, "शी साउंड्स लाइक अ टीचर." मी म्हटलं, "आहेच." माझे डोळे भरून आले होते, ते मी टॉवेलला पुसले आणि वर चेहराभर वाळू लावून घेतली.

ते होते रेने आणि ओदेत. नीमजवळच्या एका खेड्यातले. म्हणजे अगदी दक्षिणेतले. रेने रेल्वेतून निवृत्त, ओदेतची द्राक्षांची थोडी बाग. दोघांनी पापड मोडून खिचडीत घातला, ते बघून आईला बरं वाटलं. लोणच्याने रेनेचे कान लाल झाले, पण त्याने पुन्हा मागितलं. आपल्याकडे पाहुण्याला तीनदा वाढतात आणि तो तीनदा नको म्हणतो. हे दोघं पहिल्यांदाच हो म्हणत होते, त्यामुळे आईची जरा धांदल झाली आणि खिचडी सईला कमी पडली. तिने टोस्ट खाल्ला.

जेवताना त्यांची गोष्ट निघाली. आई मध्ये मध्ये थांबून मला मराठीत सांगत होती. भाड्याची गाडी घेऊन चार दिवसांपूर्वी हे दोघं आले. त्यांच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, इथे डावीकडून. सपाटीवर जमलं. पण त्या घाटात दोन वळणांवर रेने चुकून उजवीकडे गेला आणि समोरून ट्रक आला. तेव्हापासून तो गाडीला हात लावत नव्हता. उद्या त्यांना क्राइस्टचर्च गाठायचं होतं. इंग्रजी येत नसल्याने इतके दिवस गावात कोणाला नीट सांगताच येईना. काल रांगेत वाद चालला होता तो माशावरून नव्हता, गाडी इथेच सोडून द्यायची का यावरून होता.

"त्यांना म्हणावं, आम्हीही उद्याच जातोय," मी आईला म्हटलं. "मी पुढे चालवते, त्यांनी माझ्या मागे मागे यावं."

आईने सांगितलं. रेनेने मान हलवली. मागे येईन, पण वळणावर तुम्ही दिसेनासे झालात की पुन्हा हात उजवीकडे जाईल. ओदेत म्हणाली, मी तर डोळेच मिटून घेते. आईने ताटातलं लोणचं एका कडेला सारलं आणि फ्रेंचमध्ये एक वाक्य म्हणाली. रेने तिच्याकडे बघत राहिला.

"काय म्हणालीस?"

"मी त्यांच्या गाडीत पुढे बसते म्हटलं. वळण आलं की सांगत जाईन."

"आई, अगं घाट आहे तो."

"माहितीये मला. मी बघितलाय की," आई म्हणाली.

चौथा दिवस: परतीचा घाट

सकाळी शेरिलने आम्हा सगळ्यांना मिठ्या मारल्या. कुकरमधलं काय होतं त्याची कृती तिने मागून घेतली. आईने सकाळपासून फक्त कोरा चहा घेतला होता. ती रेनेच्या शेजारी बसली. मांडीवर पिशवी, मुठीत लिंबू, खिशात आवळासुपारी. ओदेत मागे बसून आधीच डोळे मिटून तयार. मी आईच्या खिडकीशी वाकून म्हटलं, "काही झालं तर हॉर्न वाजवायला सांग, मी थांबते." तिने नुसता हात हलवला, जा म्हणून.

मी अख्खा घाट आरशात बघून चढले. सई मागे उलटी बसून बातम्या देत होती. पहिल्या वळणावर मागची गाडी मधल्या रेघेकडे सरकली. लगेच ती परत डावीकडे आली. "आजी'ज गॉट हर हँड अप," सई म्हणाली. दुसऱ्या वळणावर पुन्हा हात. खिडकी उघडी असावी, कारण एका ठिकाणी मी वाट देण्यासाठी थांबले तेव्हा मला तिचा आवाज चक्क ऐकू आला. "आ गोश, आ गोश." डावीकडे, डावीकडे. मग आणखी काहीतरी लांबलचक. तो रागावल्याचा आवाज होता. रेनेने वळणावर बाहेर बघितलं असणार.

हिलटॉपला मी थांबले नाही. थांबवेच ना. वाटलं, थांबलो आणि तिला आठवण झाली तर?

उतार संपून लिटल रिव्हरच्या त्याच कॉफीच्या जागी आम्ही पोचलो. त्यांची गाडी माझ्याशेजारी येऊन उभी राहिली, डावीकडे, अगदी व्यवस्थित. रेने उतरला, त्याने टोपी काढली आणि आईच्या बाजूचं दार स्वतः उघडलं. ओदेतने डोळे उघडले. निरोप घेताना त्यांनी आईच्या दोन्ही गालांना गाल लावले, मग पुन्हा एकदा लावले. आई अवघडली, पण तिने गाल पुढे केला. पत्ते लिहून घेतले गेले. मग ती दोघं सपाट रस्त्याने पुढे गेली.

आई आमच्या गाडीत येऊन बसली. पिशवी तिच्या हातात होती, कोरडी, चार घड्या घातलेली. लिंबू कोणाला माहीत कुठे पडलं होतं.

"आई, तुला लागली नाही?"

तिने पिशवीकडे बघितलं. "अगं बाई. विसरलेच."

मी गाडी सुरू केली नाही. सईनेही मागून मान पुढे काढली. मी विचारलं, "मग? कसं झालं?"

आईने पदराने चेहरा पुसला. "त्यांचं बोलणं मला निम्मंच कळलं," ती म्हणाली. "तो रेने तर फारच भरभर बोलतो, तिकडचं काहीतरी वेगळंच वळण आहे. निम्मं मी अंदाजाने ताडलं."

"असू दे गं."

"अगं ऐक तरी," आई म्हणाली. "माझं मात्र त्याला सगळं कळलं. एकेक शब्द. मी डावीकडे म्हटलं की डावीकडे, हळू म्हटलं की हळू. एकदाही त्याने मला पुन्हा विचारलं नाही." आणि मग खिडकीबाहेर बघत, कुठल्याशा वर्गाला सांगावं तसं, म्हणाली, "मुलींना मी बरोबर शिकवलं होतं, मनू."